नकाशातला चावा

नागेशचा डावा गाल तासून झाला होता आणि उजव्या गालाला फेस लागला होता, तेवढ्यात फोन वाजला. परभणीच्या स्टेशन रोडवरच्या त्या सलूनमध्ये वस्तरा गळ्याशी असताना फोन घ्यायचा नाही, असा नियम भिंतीवर देवाच्या फोटोखाली लिहिलेला होता. पण पडद्यावर योगीराजचं नाव होतं, आणि उंबरझिऱ्याचा योगीराज पोट दुखल्याशिवाय किंवा वाघ दिसल्याशिवाय सकाळी साडेआठला फोन करत नसे. "भाऊ, साहेब यायलेत," योगीराज म्हणाला. कधी, असं नागेशने विचारलं. "आज. अकराला. जागा बघायला. प्रांत हापिसातून फोन आल्ता." नागेश उठून उभा राहिला. अकरा वर्षं झाली होती दावा टाकून. इतक्या वर्षांत प्रांताधिकारी सात बदलले, योगीराजचं लग्न होऊन त्याला तीन पोरी झाल्या, फाईल दोनदा हरवून तीनदा सापडली. हे शेवटचं गणित कसं बसतं ते अजून कुणाला कळलं नव्हतं. आणि आज अकराला. "अन् भाऊ, एक ऱ्हायलं," योगीराज म्हणाला, "साहेब इचारायलेत, नकाशाला चावा कुनी घेतला?"

न्हाव्याने उजव्या गालाकडे बोट दाखवलं. "नंतर," असं म्हणून नागेश निघाला तो थेट बसस्टँडवर थांबला. जिंतूरच्या गाडीत खिडकीजवळ बसून उजवा गाल पुसायला लागला, तेव्हा त्याला कळलं की सलूनचं पांढरं फडकं अजून गळ्यात बांधलेलंच आहे. कंडक्टरने तिकीट देताना त्याच्याकडे जरा आदराने पाहिलं. आपल्याला कसलंसं व्रत आहे असं याला वाटलं असणार, हे नागेशच्या ध्यानात आलं आणि त्याने ते वाटू दिलं.   बारावीच्या निकालाच्या दिवशी पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरसमोर तो उगाच पळत सुटला होता, तसं त्याला आता गाडीतच पळत सुटावंसं वाटत होतं. झरी गेली, बोरी आली, खिडकीतून मे महिन्याची झळ तासलेल्या गालाला चटका देत होती आणि दाढीच्या गालाला काहीच कळत नव्हतं. आपल्या तोंडाची एक बाजू आज कामावर आहे आणि दुसरी रजेवर, असं त्याला वाटलं, आणि तो एकटाच हसला. शेजारच्या म्हाताऱ्याने पिशवी जरा लांब सरकवून घेतली.

चावा. हा शब्द त्याने याआधी कधी त्या नकाशाबद्दल वापरला नव्हता, पण ऐकल्याबरोबर नकाशा डोळ्यांसमोर आला आणि खरंच, पूर्वेच्या कडेला कुणीतरी भाकरीचा तुकडा तोडून घ्यावा तसा गोल लचका होता. नकाशा त्यानेच केला होता, दोन वर्षांपूर्वी, प्रांत कार्यालयाने नवा मागितला तेव्हा. तो ज्या संस्थेत काम करतो ती, म्हणजे बबिताताईंचा मूळवासी हक्क मंच, ही एका गादीवाल्याच्या दुकानावरची एक खोली आहे. खाली दिवसभर कापूस पिंजतात आणि वर फायलींवर त्याचा थर बसतो. नवीन माणसाला वाटतं, या आदिवासींच्या फायलींना म्हातारपणाने पांढरे केस आले. मंच काय करतो, तर गावांना कागद मिळवून देतो. उंबरझिऱ्याच्या आंध आदिवासींनी जिथं सरपण वेचलं, गुरं चारली, सीताफळं आणि डिंक गोळा केला, ते जंगल गावाच्या वहिवाटीचं आहे, असं सरकारने लिहून द्यावं, असा तो दावा. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट गावानेच सरकारला पुराव्याने पटवून द्यायची, हे काम नागेशला फार आवडायचं. त्यात एक खुळेपणा होता आणि नागेशला खुळेपणाची नजर होती. नकाशाच्या दिवशी केशरबाई पुढं चालत होती, बहात्तर वर्षांची, पायात वहाण नाही, आणि मागं नागेश हातात मोबाईल धरून. मोबाईलवर एक अ‍ॅप होतं. चालाल तशी निळी रेघ उमटायची. म्हातारी वळली की रेघ वळायची. पूर्वेला ओढ्याजवळ झाडांची एक काळीशार दाटी आली आणि केशरबाई तिच्या अलीकडूनच वळून पुढं गेली. नागेशही वळला. त्याला वाटलं, हद्द इथं संपते. तो काहीच बोलला नाही, कारण म्हातारी बरोबर चालते यावर त्याचा आंधळा विश्वास होता आणि शिवाय त्या दिवशी त्याचा बूट चावत होता.

आता बस जिंतूरकडे पळत होती आणि नागेशला पहिल्यांदाच प्रश्न पडला की त्या झाडांत काय होतं. त्याने योगीराजला फोन लावला. "तिथं राखन हाय की," योगीराज म्हणाला, जणू कुणी विचारावं की तुझ्या तोंडात दात आहेत का. गावाची राखण. देवाची झाडी. तिथलं लाकूड तोडायचं नाही, आणि ती मोजायची नाही. पावलांनी नाही, दोरीने नाही, मोबाईलने तर नाहीच. गुरं आत गेली तरी बाहेर येईपर्यंत ती मोजायची नाहीत. "अरे मग मला त्या दिवशी का सांगितलं नाही?" नागेश इतक्या मोठ्याने ओरडला की कंडक्टरने व्रताबद्दलचं मत बदललं असावं. पलीकडून योगीराज मग म्हणाला, "भाऊ, तुमी आपलेच हाव ना. आडनाव डाखोरे. तुमाला ठावं आसल म्हनून कुनी सांगितलं न्हाई. आमाला वाटलं, जानूनबुजून भाईर ठिवली. केशरमामी तर म्हनली, पोरगं शिकलेलं आसून बी रीत पाळतंय."

हे ऐकून नागेशला वाटलं, आपल्याला कुणीतरी चुकीच्या कारणासाठी हार घातला होता आणि दोन वर्षं आपण तो घालून हिंडत होतो. तो आंध आहे, याचा कागद त्याच्याकडे होता, पक्का, शिक्क्याचा. तो कागद मिळवण्यासाठी तो एका समितीपुढे बसला होता. समिती विचारणार होती की तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, माणूस गेल्यावर काय करता. नागेश वाढला पूर्ण्यात, रुळांच्या कडेला. वडील किशनराव रेल्वेत, घरात लग्न म्हणजे बँडबाजा आणि माणूस गेला की सुट्टीचा अर्ज. म्हणून किशनरावांनी कुठून तरी चाळीस पानांची एक झेरॉक्स आणली, 'आपली संस्कृती', आणि नागेशने ती पंधरा दिवसांत पाठ केली. त्यात नववा प्रश्न होता, जंगलात कोणाची पूजा करता, उत्तर, निसर्गदेवतेची. समितीपुढे त्याने सगळी उत्तरं न अडखळता दिली. समोरचे गृहस्थ म्हणाले, फारच छान पाठांतर आहे. बाहेर बाकावर किशनराव कागद-पेन घेऊन बसले होते. समितीने काय विचारलं, नागेशने काय सांगितलं, हे सगळं त्यांनी उतरवून घेतलं आणि म्हणाले, ठेवू, धाकट्याला लागेल. कागद आला त्या दिवशी घरात पेढे आले. पेढा खाताना नागेशच्या मनात आलं होतं की आपण आता आदिवासी म्हणून पास झालो. आणि पास झालेल्या माणसाला जसा थोडा वेळ आपण खरंच हुशार आहोत असं वाटतं, तसं त्याला वाटलं होतं. पण रात्री दात घासताना आरशात जो दिसला तो पूर्ण्याचाच होता.

फाट्यावर योगीराज मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याने नागेशच्या डाव्या गालाकडे पाहिलं, मग चालत उजव्या बाजूला जाऊन उजव्या गालाकडे पाहिलं आणि किक मारली. गावाबाहेर, त्या काळ्या झाडीच्या अलीकडे, चिंचेखाली तीस-चाळीस माणसं जमली होती आणि साहेब खुर्चीवर बसले होते. खुर्ची शाळेतून आणली होती, म्हणून साहेबांचे गुडघे छातीशी आले होते. उन्हात काळवंडलेले, शांत, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेले गृहस्थ. सोबत एक वनपाल, तलाठी आणि टेप. साहेबांनी नागेशकडे बघून विचारलं, "आपण कोण?" नागेश म्हणाला, मंचाचा कार्यकर्ता. केशरबाई पदर सावरत पुढं आली. "काय रे, सुतक अर्धंच फिटलं का?" सगळं गाव हसलं. साहेब हसले नाहीत, पण पुढं सबंध वेळ ते नागेशच्या डाव्या गालाशी बोलत राहिले आणि उजव्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

मुद्दा साहेबांनी दोन वाक्यांत सांगितला. बाकी सगळी हद्द जुळते, पुरावे आहेत, म्हाताऱ्यांचे जबाब आहेत, ते आज सही करायला तयार आहेत. "पण हा चावा नकाशात राहिला तर ती जागा दाव्याबाहेर. आणि दाव्याबाहेरची जागा सागाच्या लागवडीच्या यादीत आहे, पावसाच्या आधी खड्डे पडतील. तेव्हा आत्ता मोजा, नाहीतर सोडून दिली असं लिहून द्या." वनपालाने टेप काढला आणि गावातून असा आवाज आला, जसा शंभर माणसांनी एकदम श्वास घेतल्यावर येतो, जरी माणसं चाळीसच होती. "टेप न्हाई," केशरबाई म्हणाली. वनपाल म्हणाला, "आजी, मी मोजतो, मी गावचा नाही." "तू गावचा न्हाईस पर तू सरकारचा हाईस. तू मोजलेलं ऱ्हातं लिवून." "मग कुणी मोजायचं?" "कुनीच न्हाई. मोजलं की ती जाती." "कुठं जाते?" साहेबांनी खरोखरच कुतूहलाने विचारलं. "ते म्या कसं सांगू? गेल्यावर कुनी बघितलीय का?"

 अकरा वर्षं, आणि हे सगळं त्या तीनेक एकर सावलीवर अडकलं होतं, आणि ती सावली नागेशच्याच हातून बाहेर राहिली होती. त्याला एकदम लख्ख सुचलं. त्याने हात वर केला, शाळेत करतात तसा. "मी मोजतो. मी गावचा नाही आणि सरकारचाही नाही. मी पूर्ण्याचा."  केशरबाईने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तू डाखोरे ना? आपलाच की. आपल्याला चालत न्हाई." "मामी, नावाचा डाखोरे. मला काहीच माहीत नाही." "आसं कसं? कागद हाय ना तुझ्याजवळ?" "तो पाठ करून मिळालाय." आयुष्यात ही गोष्ट तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला आणि ती एका प्रांत कार्यालयाच्या साहेबासमोर बोलला, हे त्याच्या ध्यानात जरा उशिरा आलं. साहेब ओढ्याकडे बघू लागले. केशरबाईने मात्र ही गोष्ट गांभीर्याने घेतली. ती खाली बसली, तिने नागेशला समोर बसवलं. "मंग मी इचारते. आलं तर आपला. न्हाई आलं तर परका, जा मोजायला."

असा तो चिंचेखाली परीक्षेला बसला. फक्त या परीक्षेत त्याला नापास व्हायचं होतं. "राखनीत कोन ऱ्हातं?" नागेश म्हणाला, "निसर्गदेवता." एक पोरगी खुदकन हसली. "कोन?" "निसर्गदेवता." "ती कुन्या गावची?" नागेशला सांगता आलं नाही. "तुझ्या आईच्या माहेरची राखन कोनत्या अंगाला?" त्याच्या आईचं माहेरही पूर्ण्याचंच, इंजिनांच्या शेडच्या मागं; तो तसं म्हणाला. "झाडाचं पहिलं सीताफळ कुनाचं?" त्याला वाटलं देवाचं, मग वाटलं पाखराचं, त्याने पाखराचं सांगितलं. "झाडावर चढला त्याचं," केशरबाई म्हणाली, "पाखरू काय चढून येतं का?" "मेलेल्या मानसाचं नाव किती दिस घ्यायचं न्हाई?" "तेरा." "आमी तवाच घेतो. शिव्या द्यायच्या ऱ्हायल्या आसतात." प्रत्येक चुकीला नागेशला आतून एक लाट यायची, आनंदाची, आणि लाट ओसरताना पायाखालची थोडी वाळू घेऊन जायची. त्याची सगळी उत्तरं चुकत होती आणि प्रत्येक बरोबर उत्तर ऐकताना असं वाटत होतं की हे त्या चाळीस पानांपेक्षा किती सोपं, किती घरातलं आहे. हे पाठ करायची गरजच पडली नसती, नुसतं इथं जन्मायचं होतं. योगीराज मध्येच म्हणाला, "मामी, ह्यातल्या दोनाचं मला बी येत न्हवतं. मंग मी बी परका का?" "तुला येत न्हाई, कारन तू गाढव हाईस," केशरबाई म्हणाली. "ह्याला येत न्हाई, कारन ह्याला कुनी सांगितलं न्हाई. फरक हाय." मग ती उठली, गावाकडे वळली आणि निकाल दिला. "परकाच हाय. जाऊ द्या."

नागेशने मोबाईल काढला.  जिथून जुनी रेघ आत वळली होती, त्या मोठ्या धोंड्यापासून त्याला निघायचं होतं, राखणीच्या बाहेरच्या अंगाने ओढ्याकाठून चालत जाऊन जुन्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला मिळायचं होतं. दोन्ही टोकं जुळली की चावा भरून निघणार आणि अ‍ॅप आपोआप आकडा दाखवणार. निळी रेघ सुरू झाली. त्याच्या मागं अंतर ठेवून वनपाल आणि योगीराज. डाव्या हाताला राखण. बाहेर ऊन खवळलेलं आणि आतून मात्र थंड श्वास येत होता, आणि तो फक्त तासलेल्या गालाला लागत होता. आत झाडं खूप होती. किती, हे मनात येताच त्याने मन दुसरीकडे वळवलं आणि वळवल्याचं त्याला आश्चर्य वाटलं. तो पावलं टाकत होता आणि सवयीने मोजत होता, एकतीस, बत्तीस. थांबला, विसरला, परत चालू लागला आणि आता मोजायचं नाही म्हणून पूर्ण्याच्या स्टेशनवरच्या गाड्यांच्या घोषणा आठवू लागला. कुठल्या गाडीची वेळ काय, कुठली किती उशिरा. म्हणजे आकडेच. मग त्याने सगळंच सोडलं. एक पान पडताना दिसलं, एक मुंगळा बुटावर चढला, ओढ्याच्या कोरड्या वाळूत कुणाच्या तरी पावलांच्या खुणा होत्या, आत गेलेल्या. त्याला वाटलं, मी परका आहे म्हणून चालतोय. कुणीतरी परका असल्याशिवाय हे वाचत नाही. आणि तो परका मी झालो, तोही परीक्षा देऊन, आणि आज सकाळी मी दाढी करत होतो. त्याला इतकं हलकं वाटलं की रडू येईल की काय असं वाटलं, पण आलं ते हसू.

दुसरं टोक दिसलं. मोबाईल थरथरला आणि पडद्यावर आलं, फेरी पूर्ण होत आहे, क्षेत्र मोजले जाईल. तीन पावलं राहिली होती. नागेश थांबला. पुढं याबद्दल परभणीत जेव्हा जेव्हा बोलणं निघालं तेव्हा लोक म्हणाले की रक्त बोललं, आणि नागेश सांगत राहिला की रक्तबिक्त काही नाही, अ‍ॅपने सूचना दिली. सूचना दिली म्हणून कळलं की आता आकडा होणार. आकडा झाला की तो साहेबांच्या कागदावर जाईल, कागदावरून यादीत, यादीतून आणखी कुठे. आणि एका पावसाळ्यात कुणीतरी म्हणेल, तीन एकरांत एवढी झाडं कशाला. म्हातारी म्हणत होती ते हेच असेल का, कुणास ठाऊक. त्याने मोबाईल बंद केला आणि तिथंच उभा राहिला, तीन पावलं अलीकडे.

साहेब खुर्ची सोडून चालत आले. "क्षेत्रफळ किती आलं?" "आलं नाही साहेब. फेरी पूर्ण नाही." "मग करा पूर्ण. तीन पावलं आहेत." "नाही करत." साहेबांनी त्याच्या डाव्या गालाकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही परके आहात म्हणून तुम्हाला पाठवलं ना?" "हो." "मग अडचण काय?" नागेशच्या त्या चाळीस पानांत हा प्रश्न नव्हता. तो म्हणाला, "साहेब, मोजली तर यांची राहत नाही, नाही मोजली तर तुमच्याकडे राहत नाही. पण हद्द तर दिसली की तुम्हाला. धोंड्यापासून ओढा धरून इथपर्यंत. मध्ये फक्त तीन पावलं." योगीराजने तेवढ्यात बबिताताईंना फोन लावून मोबाईल हवेत धरला होता आणि गादीवाल्याच्या मशीनच्या आवाजातून ताई ओरडत होत्या, "परंपरेची हद्द चालते! नियमातच आहे! अन् न मोजण्याची रीत हाच पुरावा आहे, दुसऱ्याच्या जागेला कोण एवढं जपतं? रेकॉर्डवर घ्या!" "कोण बाई आहेत?" साहेबांनी विचारलं. "वकील," योगीराज म्हणाला. "मग त्यांना म्हणावं, ऐकू येतंय."

साहेब परत जाऊन त्या लहान खुर्चीवर बसले, गुडघ्यावर पॅड ठेवला आणि लिहू लागले. एवढ्या लोकांत पेनाचा आवाज ऐकू येत होता. मग त्यांनी तलाठ्याला वाचायला दिलं. राखण नावाची जागा, पूर्वेस ओढा, पश्चिमेस पाऊलवाट, दक्षिणेस धोंडा, उत्तरेस जुनी हद्द, दाव्यात समाविष्ट. तलाठी अडखळला. "साहेब, क्षेत्राचा रकाना?" "रेघ मारलीय ना? मग रेघ वाचा." तलाठ्याला रेघ कशी वाचायची ते कळेना, म्हणून तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि ते सगळ्यांना बरोबर वाटलं. केशरबाई पुढं आली. "आकडा लिवला का?" "न्हाई, मामी," योगीराज म्हणाला, "रेघ हाय." तिने अंगठा पुढं केला. मग योगीराजची सही झाली, मग गावातल्या एकेकाची. खाली एक ओळ होती, मोजणीस गेलेला इसम, गावाबाहेरील. तिथं नागेशने सही केली, इतकी घाईघाईने की डाखोरेतला ख पुढच्या ओळीत गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला, वनपालालाही कोंबला. योगीराज त्याला उचलायला बघत होता आणि उचलता येत नव्हतं.

त्या गोंधळातून केशरबाईने त्याला मनगट धरून बाजूला, धोंड्याजवळ नेलं. "सही केलीस ना परका म्हनून?" "केली." "वाळली का?" त्याला हसू आलं, वाळली, असं तो म्हणाला. "मंग बस. आता सांगाया हरकत न्हाई, आत कोन ऱ्हातं ते. ध्यान दिऊन ऐक, मी एकदाच सांगती." ती त्याच्या कानाशी वाकली. पण नागेशच्या कानात अजून शिट्ट्या होत्या, तोंडात गूळ विरघळत होता, आणि इतका आनंद एका वेळी कुठं ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. त्या सगळ्यात म्हातारीचं पहिलं वाक्य कधी बोलून झालं ते त्याला समजलंच नाही. परत विचारायची सोय नव्हती. त्याने डोळे मिटले आणि तो दुसऱ्या वाक्यापासून ऐकू लागला.